भरतीसाठी पहिल्यांदाच ३०० उठाबशा काढल्या. रक्तात सीपीके ६,४०० आणि एसजीओटी वाढलेले आले. ही कावीळ असेल का?

तुम्ही लिहिले आहे की पोलीस भरतीच्या तयारीत एका सकाळी सवय नसताना ३०० उठाबशा काढल्या, चौथ्या दिवशीही मांड्या ठणकत होत्या म्हणून रक्त तपासले, आणि सीपीके ६,४००, एसजीओटी १८०, एसजीपीटी ७४ असे आकडे आले. बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) मात्र ०.७, म्हणजे ठीक आहे. घरचे लोक कावीळ समजून तुम्हाला शेजारच्या गावी झाडपाल्याचे औषध घ्यायला नेणार आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी रक्त-लघवी तपासणीचे काम करतो आणि भरतीच्या दिवसांत असे रिपोर्ट माझ्या हाताखालून नेहमी जातात. ते औषध तूर्त घेऊ नका, ही माझी पहिली विनंती आहे.

सीपीके हे मुख्यतः स्नायूंच्या पेशीत असणारे एन्झाइम आहे. उठाबशीत खाली बसताना मांडीचा स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी अंगाचा भारही पेलत असतो. उतारावरून धावतानाही हेच घडते. सवय नसलेल्या स्नायूचे तंतू अशा ताणाने ठिकठिकाणी तुटतात, पेशीचे आवरण झिरपू लागते आणि आतील सीपीके, मायोग्लोबिन (स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारे प्रथिन) आणि एलडीएच व एसजीओटी ही एन्झाइम रक्तात उतरतात. काविळीच्या तपासणीत पाहिले जाणारे एसजीओटी हे केवळ यकृताचे नाही, स्नायूतही ते भरपूर असते, आणि यकृताचेच मानले जाणारे एसजीपीटीही थोडे असते. म्हणूनच तुमच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असणे, सीपीके एवढे चढलेले असणे आणि बिलिरुबिन जागच्या जागी असणे, या तिन्ही गोष्टी मिळून बोट दाखवतात ते मांडीकडे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उचलण्याची सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांकडून तासभर हा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांचे सीपीके, एसजीओटी, एसजीपीटी, एलडीएच आणि मायोग्लोबिन किमान सात दिवस वाढलेले राहिले. यकृताचे जीजीटी हे एन्झाइम मात्र वाढले नाही. खात्री हवी असेल तर डॉक्टरांना जीजीटी तपासण्याविषयी विचारा.

आकडा वाचताना व्यायामाची तारीख शेजारी ठेवावी लागते. मायोग्लोबिन काही तासांतच चढू लागते, तर अशा उठाबशांनंतर सीपीकेचा कळस बऱ्याचदा उशिरा, चौथ्या-पाचव्या दिवशीही येतो, म्हणजे तुमचे रक्त बहुधा कळसाच्या सुमारास घेतले गेले. त्यानंतर ते साधारण दीड दिवसात निम्मे होते. या हिशेबाने ६,४०० वरून २०० पर्यंत यायला आठवडाभर तरी लागेल. उद्या पुन्हा रक्त देऊन आकडा अजून चढाच दिसला म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. दुखणे किती आहे यावरूनही सीपीके ओळखता येत नाही, कारण दोघांचा मेळ फार सैल असतो.

तरीही हा आकडा सोडून देण्याजोगा नाही. स्नायू फार मोठ्या प्रमाणात फुटले तर मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरून इजा करते, आणि सीपीके ५,००० च्या पुढे गेले की हा धोका विशेष लक्षात घेतला जातो. मागच्या उन्हाळ्यात धावण्याच्या सरावानंतर एक मुलगा बाटलीत लघवी घेऊन आला, ती काळ्या चहासारखी होती. लघवी तपासायची पट्टी बुडवताच तिच्यावरचा रक्त दाखवणारा चौकोन पिवळ्याचा गडद हिरवा झाला, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ दिसेनात. पट्टीला हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, म्हणून ही विसंगती दिसताच मी रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना फोन केला. त्याला त्याच दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन सलाईन लावले आणि तो बरा झाला. तुमची लघवी गडद असेल, कमी होत असेल किंवा मांड्या टणक सुजल्या असतील, तर हे उत्तर इथेच ठेवून दवाखान्यात जा. तसे काही नसले तरी आजच डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) व लघवी तपासून घ्या, पाणी पीत राहा, आणि दुखण्यावर मनाने डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर भार टाकतात.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट विचारलीच पाहिजे: तुमची सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी झाली आहे का? त्याचा वाहक, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो दोष मिळालेली व्यक्ती, एरवी धडधाकट असते, परंतु अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वाहकांमध्ये श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका सुमारे दीडपट आढळला. त्यामुळे भरती सोडावी लागत नाही. सराव हळूहळू वाढवणे, उन्हे चढण्याआधी धावणे आणि मधे थांबून पाणी पिणे एवढे मात्र काटेकोरपणे पाळावे लागते. सरावाने स्नायूही शिकतात: तोच व्यायाम काही आठवड्यांनी पुन्हा केला की सीपीके पहिल्याइतके चढत नाही, म्हणून ३०० चा आकडा एका सकाळी नव्हे तर महिन्याभरात गाठा.

डॉक्टरांनी निराळे सांगितले नाही तर दहा दिवस जड व्यायाम थांबवून मगच पुन्हा रक्त द्या, आणि चिठ्ठीवर शेवटच्या सरावाची तारीख लिहायला लावा. त्याआधीच्या दोन-चार दिवसांत कमरेत इंजेक्शन घेतले असेल तर तेही सांगा, कारण स्नायूत टोचलेल्या सुईनेही सीपीके थोडे वाढते.