ड्यूक, अर्ल, मार्क्विस आणि आपले उमराव-सामंत

प्रश्न असा आलाय की मध्ययुगीन इंग्लंडवरच्या एका कादंबरीचं भाषांतर चाललंय, त्यात ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन असे पाच दर्जे आहेत, तर वरून खाली उमराव, सामंत, सरदार, सरंजामदार, जहागीरदार असे शब्द लावले तर चालेल का.

मी म्हणेन नका लावू. पाचाला पाच शब्द सापडल्यावर मोह होतो, मलाही झाला असता, पण आपले हे पाच शब्द एका शिडीच्या पायऱ्या नाहीतच मुळी. सरदार म्हणजे ज्याच्या हाताखाली फौज आहे तो. त्या फौजेच्या खर्चासाठी ज्या मुलखाचा महसूल नेमून दिला तो सरंजाम, म्हणून तोच माणूस सरंजामदारही. दरबारात उभा राहिला की उमरावांत जमा. आणि गावाकडे त्याच्या घराण्याची पाटीलकी किंवा देशमुखी असेल तर वतनदार. आता यात वर कोण आणि खाली कोण सांगा! महादजी शिंद्यांचंच बघा ना, दिल्लीच्या बादशहाचा कारभार हातात आला तरी माणूस शेवटपर्यंत पाटीलबावाच, कारण कण्हेरखेडची पाटीलकी हे घराण्याचं वतन. सरंजाम आज आहे, उद्या सरकार काढून घेईल, वतन मात्र पिढ्यान्‌पिढ्याचं (निदान लोकांची समजूत तरी तशी), त्यामुळे कागदावर जो सगळ्यात खालचा हुद्दा तोच मनात सगळ्यात वरचा.

बाय द वे, सरंजाम शब्दाचा जुना अर्थ अजून घराघरात आहे. आई ‘पूजेचा सरंजाम मांड’ म्हणते तेव्हा ताम्हण, पळी, निरांजन, हळदकुंकू सगळं आलं. साहित्य, तयारी हाच मूळ अर्थ, फौजेची तयारी ठेवण्यासाठी दिलेला मुलूख तोही सरंजाम. त्यावरून सरंजामशाही. हिंदीवाले त्यालाच सामंतवाद म्हणतात, म्हणजे त्यांनी माणूस पकडला आणि आपण त्याच्या खर्चाची सोय पकडली.

उमरावची गंमत वेगळीच आहे. त्यातला ‘राव’ आपला वाटतो, माधवराव मल्हारराव टाइप, पण नाहीये. अरबीत अमीर म्हणजे हुकूम देणारा, त्याचं अनेकवचन उमरा, आणि आपण त्या अनेकवचनालाच एकवचन करून टाकलं. ‘अमीर-उमराव’ म्हणताना एकच शब्द दोनदा म्हणतो आपण. नवाबाचंही तेच, तो नायबाच्या अनेकवचनातून आलाय. म्हणजे तालुक्याच्या कचेरीत बसलेला नायब तहसीलदार आणि लखनौचा नवाब एकाच घरातले निघाले, फक्त एकाचं नशीब फळफळलं.

आता सामंत, हा माझा आवडता. समंत म्हणजे चहूबाजू, हद्द, आणि सामंत म्हणजे हद्दीला लागून असलेला, शेजारचा राजा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो शेजारीच आहे, ताबेदार नाही. पुढे कधीतरी शेजाऱ्याला नमवला की तो मांडलिक, आणि शब्दही त्याच्याबरोबर खाली आला. कोकणचे शिलाहार राष्ट्रकूटांचे मांडलिक, त्यांच्या ताम्रपटांत ‘महासामंताधिपती’, ‘तगरपुरपरमेश्वर’ अशा बिरुदांची रांगच लागलेली असते. तगर म्हणजे धाराशिवजवळचं तेर, शिलाहार राज्य करत होते ठाण्याकडे, पण मूळ गावाचा अभिमान बिरुदात राहिला. याच सामंतचं सावंत झालं, सावंतवाडीतलं सावंत तेच.

आणि मार्क्विस? तोही हद्दीवालाच! मार्क किंवा मार्च म्हणजे सरहद्दीचा मुलूख, तो सांभाळणारा मार्क्विस, जर्मनांचा मार्कग्राफ. म्हणजे मुळात बघायला गेलं तर मार्क्विस आणि सामंत ही जोडी झकास जुळते, पण भाषांतरात लावू नका, कारण आज सामंत वाचल्यावर वाचकाच्या डोळ्यासमोर कुठलाही मांडलिक येतो, सरहद्द येत नाही.

इंग्रजी शिडी सुद्धा एका दिवसात उभी राहिलेली नाही हे लक्षात घ्या. 1066 ला फ्रान्सकडच्या नॉर्मंडीतून नॉर्मन इंग्लंड जिंकायला आले तेव्हा अर्ल होते, आणि बॅरन म्हणजे नुसता ‘राजाचा माणूस’. इंग्लंडमधला पहिला ड्यूक 1337 चा, तिसऱ्या एडवर्डने आपल्या मुलाला कॉर्नवॉलचा ड्यूक केलं, मार्क्विस 1385 मध्ये आणि व्हायकाउंट 1440 मध्ये. तेव्हा कादंबरी बाराव्या शतकातली असेल तर लेखकानेच घोळ घातलाय का ते आधी तपासा, त्या काळात इंग्लंडच्या गोष्टीत ड्यूक भेटला तर तो बहुतेक नॉर्मंडीचा, म्हणजे बऱ्याचदा खुद्द इंग्लंडचा राजाच! आणि अर्लची बायको काउंटेस असते, तिला चुकून दुसऱ्या कुणाची बायको करू नका, अर्ल शब्द जुना इंग्रजी, त्याला बायकी रूपच नव्हतं म्हणून फ्रेंचांकडून उसनं घेतलं.

मी असतो तर ड्यूक, अर्ल, बॅरन तसेच ठेवले असते, मराठी वाचकाला ते आता परके नाहीत. सगळ्यांबद्दल एकत्र बोलायचं तिथे उमराव, एकाने दुसऱ्यापुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली तिथे मांडलिक किंवा सामंत, लढाईत तुकडी घेऊन उभा आहे तिथे सरदार. म्हणजे दर्जा इंग्रजी आणि काम मराठी.

नाइटचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो येईलच. मूळ शब्दाचा अर्थ पोरगा, हाताखालचा पोऱ्या. त्याला सरदार म्हणू नका, तो फार वर जातो. शिलेदार बघा बसतोय का. आपल्याकडे बारगिराला घोडा सरकारी मिळायचा आणि शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा, नाइटही साधारण तसाच. फक्त नाइट होताना खांद्यावर तलवार टेकवायचा विधी असायचा, तो आपल्या शिलेदाराला माहीत नाही, तेवढं तिथे एका वाक्यात सांगून टाका.