समलिंगी जोडप्यांसाठी लग्नाची व्याख्या बदलली तर लग्नसंस्था मोडेल का?

तुम्ही म्हणता, लग्नाची व्याख्या पहिल्यापासून एकच आहे, तिला हात लावला तर लग्नसंस्था मोडेल. एकच होती, हे मला मान्य नाही.

मी यावल तालुक्यातला. आमच्याकडे विधवा बाईचं दुसरं लग्न म्हणजे गंधर्व. माझ्या फुईचा, म्हणजे आत्याचा, गंधर्व रात्री जेवणं आटोपल्यावर लागला. दोन पाट, तांब्यावर नारळ, एकमेकांना हार, झालं. ना पत्रिका, ना फोटो. फुवा, म्हणजे तिचा नवरा, वारले आणि पेन्शनसाठी बाबूने नेमकं तेच मागितलं, पत्रिका नि फोटो. बावीस वर्षं त्या घरात भाकरी थापलेली बाई पिशवीतून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवत होती आणि माझ्याकडे बघून विचारत होती, "आते कोनता कागद दखाडू?" (आता कोणता कागद दाखवू?) त्या रात्री हजर असलेल्या दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं केली, तरी दीड वर्ष गेलं.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात 'लग्न म्हणजे अमुक' अशी ओळच नाही. अटी आहेत, आणि विधी वर किंवा वधू यांच्याकडच्या रूढीप्रमाणे चालतो. पण रूढी ठरवायची कोणी? भाऊराव लोखंडे खटल्यात पहिली बायको असताना गंधर्व लावला म्हणून खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. १९६५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, रूढीचे आवश्यक विधी झालेच नाहीत, म्हणून हे लग्नच नव्हे. माणूस सुटला. पाटावर बसलेली ती दुसरी बाई मात्र कायद्याने कोणीच उरली नाही. मला हा निकाल वाचताना दर वेळी फुई आठवते.

सातपुड्यात धडगावकडे जा. पावरा, भिल्ल या आदिवासींना हा हिंदू विवाह कायदा लागूच नाही. तिथे पंच बसतात, मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, दिलं जातं, आणि ते पक्कं लग्न. त्याने यावलमधलं कुणाचं लग्न मोडलं?

आता समलिंगी जोडप्यांचं. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा, म्हणजे धर्म न बघता नोंदणीने लग्न लावणारा कायदा, बदलणं हे संसदेचं काम. त्या १९५४च्या कायद्यात पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ असं लिहिलंय, अडतं तिथेच. लग्न नाही तर निदान नात्याला तरी कायदेशीर मान्यता द्यावी, असं दोघांचं मत होतं, तिघांनी तेही नाकारलं. २०२४मध्ये केंद्राने खुलासा केला की अशा जोडप्याची नावं एका रेशनकार्डावर येऊ शकतात आणि बँकेत जोडखातं उघडता येतं. चांगलंच झालं. पण रेशनकार्ड तर फुईच्याही पिशवीत होतं.

तिच्याकडे निदान दोन साक्षीदार होते. या जोडप्यांनी शंभर आणले तरी प्रतिज्ञापत्रात लिहायला नातंच नाही. म्हणून संसदेने विशेष विवाह कायद्यातलं ते पुरुष-स्त्री लिहिलेलं कलम बदलावं, असं माझं स्पष्ट मत आहे.