नव्या प्रकल्पात एडिटरच्या सेटिंग्ज आधीच घालाव्यात का?

प्रश्न : आम्ही सहा जण नाशिकमध्ये अंबड आणि सातपूर येथील कारखान्यांसाठी साठा व हजेरीची सॉफ्टवेअर तयार करतो. नवे काम आले की आम्हीच लिहिलेली स्क्रिप्ट प्रकल्पाचा सांगाडा उभा करते. काही जण विंडोजवर, काही उबुंटूवर काम करतात. कोड लिहिण्यासाठी चौघे व्हीएस कोड हा एडिटर वापरतात, दोघे जेटब्रेन्सचा. एका ओळीची दुरुस्ती केली, तरी गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कधी कधी पूर्ण फाईल बदललेली दिसते. स्क्रिप्टनेच एडिटरच्या सेटिंग्ज घातल्या तर? एका सहकाऱ्याला मात्र ही दुसऱ्याच्या घरात केलेली ढवळाढवळ वाटते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सेटिंग्ज अवश्य घालाव्यात, पण मोजक्याच. आपल्या सहकाऱ्याची हरकत निम्मी रास्त आहे, कारण व्हीएस कोडमध्ये प्रकल्पाच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधील सेटिंग्ज त्या प्रकल्पापुरत्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या सेटिंग्जवर मात करतात. तेव्हा ज्या सेटिंगमुळे फाईलमध्ये उतरणारा मजकूर बदलतो, ती प्रकल्पाची समजावी. रंगसंगती, फॉन्ट, अक्षरांचा आकार हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांचे प्रश्न आहेत आणि त्यांत स्क्रिप्टने पडू नये.

पूर्ण फाईल बदललेली दिसण्यामागे बहुधा ओळ संपवण्याची पद्धत असते. विंडोजच्या परंपरेत ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे येतात, लिनक्स आणि मॅकवर एकच. त्यामुळे डोळ्यांना काहीच फरक दिसत नसला, तरी गिटच्या लेखी प्रत्येक ओळ बदललेली असते. याचा बंदोबस्त एडिटरपेक्षा गिटकडेच सोपवावा. स्क्रिप्टने प्रकल्पाच्या मुळाशी गिटॲट्रिब्यूट्स ही गिटसाठीच्या नियमांची फाईल ठेवून मजकुराच्या फाईलींसाठी ऑटो नियम लिहावा, म्हणजे कोणी कोणत्याही यंत्रावर लिहिले, तरी साठवणीत एकच पद्धत जाते.

स्पेस की टॅब, इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) किती, अक्षरसंच कोणता, हे एडिटरकॉन्फिग या वेगवेगळ्या एडिटरांसाठीच्या सामाईक सेटिंग्ज फाईलमध्ये लिहावे. जेटब्रेन्सचे एडिटर ती थेट वाचतात. व्हीएस कोडला मात्र त्यासाठी एक्स्टेन्शन, म्हणजे वेगळी जोडणी, लागते. म्हणून डॉट-व्हीएसकोडमधील एक्स्टेन्शन्स फाईलमध्ये तिची शिफारस नोंदवावी. ही केवळ शिफारस असते, ती परस्पर काही बसवत नाही, हे सहकाऱ्याला सांगितल्यास त्यांचा राग थोडा निवळेल. अँग्युलर या वेब ॲप बनवण्याच्या चौकटीची साधनेही नवा प्रकल्प तयार करताना एडिटरकॉन्फिग आणि डॉट-व्हीएसकोड दोन्ही देतात, त्यामुळे आपण काही जगावेगळे करत नाही. ओळीअखेरचे रिकामे स्पेस काढण्याचा नियम मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मांडणी केलेल्या मजकुराच्या) फाईलींना लावू नये, कारण तेथे शेवटच्या दोन स्पेसना नव्या ओळीचा अर्थ असतो. मेकफाईलला (प्रोग्रॅम बांधण्याच्या सूचनांच्या फाईलला) टॅबच लागतो, तोही अपवाद लिहून ठेवावा.

फाईल जतन करताच फॉरमॅट करण्याची, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करण्याची, सेटिंग मी घालीन. पण सर्वांचा फॉरमॅटर एकच आणि एकाच आवृत्तीचा असेल तरच, नाही तर आजचेच भांडण रोज दोनदा होईल.

एक बारीक अडचण राहते. गिटने कशाकडे दुर्लक्ष करावे याची यादी असलेल्या गिटइग्नोरमध्ये डॉट-व्हीएसकोड हे पूर्ण फोल्डर वगळले असेल, तर त्यातील एखाद्या फाईलला दिलेली सूट लागू होत नाही. म्हणून फोल्डरऐवजी त्यातील मजकूर तारांकनाने वगळून हव्या त्या फाईलींना सूट द्यावी. जुन्या प्रकल्पांवर हे नियम लावायचे झाल्यास ते एका स्वतंत्र कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) लावावेत, गिट २.२३ पासून ब्लेम, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली याची यादी, पाहताना अशी कमिट वगळता येते, आणि मूळ ओळ कोणाची हे शोधताना सगळ्यांचे बोट नियम लावणाऱ्याकडे वळत नाही.