वाचक विचारतात : अठरा इंची बेस निवडताना

प्रश्न : आमच्या चार सिंगल १८ इंची बेसपेट्यांमधले ड्रायव्हर (आत बसवलेले स्पीकर) आता थकले आहेत. एक दुकानदार ‘२००० वॅट’ छापलेला ड्रायव्हर दाखवतो. दुसऱ्याकडचा १००० वॅटचा आहे आणि तोच महाग आहे. पेट्या मिरवणुकीतही वाजतात, मैदानावरही. कोणता घ्यावा?
– साउंड व्यावसायिक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी दोन्ही दुकानदारांना विचारा, की हे वॅट कुठले? एकाच ड्रायव्हरचे तीन आकडे निघतात. दोन तास पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला सलग खरखराट) वाजवून मोजतात ती एईएस, म्हणजे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या पद्धतीची क्षमता, तिच्या दुप्पट ‘प्रोग्रॅम’ आणि चौपट ‘पीक’. म्हणजे ५०० एईएसचा ड्रायव्हर खोक्यावर ‘२००० वॅट’ म्हणून मिरवू शकतो आणि त्यात कागदोपत्री काही खोटंही नसतं. तुमचा महागडा ड्रायव्हर १००० एईएसचा असेल, तर तोच दुप्पट ताकदीचा आहे.

पण वॅट म्हणजे आवाज नव्हे. एका वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबल देणारा ड्रायव्हर ५०० वॅटवर १२५ डेसिबलपर्यंत जातो. ९४ डेसिबलच्या ड्रायव्हरला तिथंच पोहोचायला साधारण १२५० वॅट लागतात. वरचे ७५० वॅट कॉइल, म्हणजे ड्रायव्हरच्या कोनला (पुढच्या पडद्याला) हलवणारी तारेची गुंडाळी, तापवण्यात गेले. कॉइल २०० अंशांनी तापली, की तांब्याचा रेझिस्टन्स पाऊणपटीहून जास्त वाढतो, ५.३ ओहमचे साडेनऊच्या आसपास होतात. करंट घटतो आणि रात्री नऊ वाजता बेस संध्याकाळपेक्षा ३ ते ५ डेसिबल खाली बसलेला असतो. अशा वेळी ऑपरेटर फेडर (आवाजाची पट्टी) वर ढकलतो आणि कॉइल जाते.

एका वॅटला किती डेसिबल, हा संवेदनशीलतेचा आकडाही जपून वाचा. बऱ्याच कंपन्या तो १०० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात काढतात. तुमचा ढोल आणि बेसलाइन राहते ४० ते ८० हर्ट्झमध्ये. तिथं निकाल लागतो तो कोन किती हवा ढकलतो यावर, म्हणजे कोनचं क्षेत्रफळ गुणिले एक्समॅक्स (कोन एका बाजूला जास्तीत जास्त किती नीट सरकतो ते अंतर). अठरा इंचीचं क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटिमीटर धरा. एक्समॅक्स ९ मिलिमीटर असेल तर १०८० घनसेंटिमीटर हवा सरकते, १४ असेल तर १६८०. फरक जवळजवळ ४ डेसिबलचा. आणि तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली गेलं, की कोनला चौपट हलावं लागतं. म्हणून ‘वरती छान वाजतो, खाली फाटतो’ ही तक्रार एक्समॅक्सची असते, वॅटची नाही. एक्समॅक्समध्येही गोम आहे. कॉइलच्या उंचीतून गॅपची (कॉइल जिच्यात हलते त्या मॅग्नेटमधल्या फटीची) उंची वजा करून निम्मं करणं हा सरळ हिशोब. २५ मिलिमीटरची कॉइल आणि १० चा गॅप असेल तर साडेसात. काही कंपन्या त्यात गॅपचा पाव किंवा तिसरा हिस्सा मिळवतात. मग तोच ड्रायव्हर १० चा किंवा त्याहून जास्तीचा दिसतो. दोन्ही कंपन्यांचे कॉइलचे आणि गॅपचे आकडे घेऊन स्वतः वजाबाकी करा.

आता पेटी, जी विकत घेताना कुणीच मोजत नाही. थिएल आणि स्मॉल यांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे डेटाशीटवर असतात. पोर्टच्या (हवेसाठी तोंड ठेवलेल्या) पेटीसाठी क्यूटीएस, म्हणजे कोनचं डोलणं एकूण किती आवरलं जातं तो आकडा, साधारण ०.२८ ते ०.४० मध्ये हवा. एफएसला (मोकळा ड्रायव्हर ज्या हर्ट्झला आपोआप सर्वांत जास्त डोलतो) क्यूईएसने (आवरण्यातला विजेच्या बाजूचा आकडा) भागा. उत्तर १०० च्या आसपास किंवा वर आलं, तर ड्रायव्हर पोर्टला चालेल, ५० च्या खाली आलं तर तो बंद पेटीचा. तुमची पेटी आतून मोजा. ब्रेसिंग (आतल्या आधारपट्ट्या), पोर्ट आणि ड्रायव्हरने खाल्लेली जागा वजा करा आणि उरलेले लिटर कंपनीने सुचवलेल्या आकड्याशी ताडा. सिंगल अठराला १८० ते २२० लिटर हा नेहमीचा पट्टा. १२० लिटरच्या पेटीत मोठ्या क्यूटीएसचा ड्रायव्हर घातला, तर ७० हर्ट्झला ‘बुम’ येईल आणि खाली काही उरणार नाही.

पेटीचं ट्यूनिंग घरीच काढता येतं. मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून ६० हर्ट्झपासून हळूहळू खाली या, आवाज कमी ठेवा आणि बोट कोनला हलकं लावा. कोन जिथं जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधून जोरात हवा येते, ते ट्यूनिंग. त्याच्या खाली पेटी कोनला धरत नाही, तो मोकळा उडतो. ट्यूनिंग ४० हर्ट्झ असेल, तर प्रोसेसरमध्ये ३६ च्या आसपास दर सप्तकाला २४ डेसिबलचा हाय-पास (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावल्याशिवाय नवा ड्रायव्हर वाजवू नका. मी या जागी पैसे वाचवू देणार नाही. वॉरंटी यांत्रिक तुटीची भरपाई सहसा देत नाही.

प्रश्न : दर सिझनला दोन-तीन कॉइल जळतात. अ‍ॅम्प ‘कमी पडतो’ म्हणून जळतात असं मेकॅनिक म्हणतो. खरं काय?
– डेकोरेटर, नगर

उत्तर : जळलेली कॉइल फेकू नका, ती वाचा. सगळीकडे सारखी काळी पडली असेल, तर सरासरी उष्णता जास्त झाली. एका बाजूला खरचटली असेल, तर पेटी आपटून चेसिस (ड्रायव्हरचा सांगाडा) वाकली किंवा स्पायडर (कॉइलला मध्यात धरणारी चकती) सैल झाला. फॉर्मरचा (कॉइल गुंडाळलेल्या नळीचा) तळ चेपला असेल, तर कॉइल मागच्या प्लेटवर आदळली, म्हणजे हाय-पास नव्हता. अ‍ॅम्प खराब होऊन डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह) बाहेर आला असेल, तर कोन एका बाजूला ओढला जाऊन तिथंच राहतो आणि कॉइल काही क्षणांत जळते. नवा ड्रायव्हर जोडण्याआधी मल्टिमीटर अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा.

लहान अ‍ॅम्पने ड्रायव्हर मरतो हे अर्धसत्य आहे. १००० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण क्लिप झाला (क्षमतेपलीकडे ढकलला जाऊन तरंगांचे माथे कापले गेले), की चौकोनी तरंगात तो जवळजवळ २००० देतो. मारते ती ही सरासरी वाढ. १००० एईएस, ८ ओहमच्या ड्रायव्हरला ८९ व्होल्ट ही मर्यादा. दीर्घ मुदतीचा लिमिटर (मर्यादेपलीकडचा सिग्नल दाबणारी सोय) ६३ व्होल्टवर ठेवा, म्हणजे ५०० वॅट, आणि पीक लिमिटर १७९ वर. हे बसवलं तर दीड-दोन पट अ‍ॅम्प लावायला हरकत नाही. लिमिटर नसेल तर अ‍ॅम्प एईएसइतकाच ठेवा आणि लाल दिवा पेटू देऊ नका.

प्रश्न : १८ सोडून २१ इंची घ्यावेत का?
– वाचक, सोलापूर

उत्तर : क्षेत्रफळ सुमारे १६८० चौरस सेंटिमीटर, त्यामुळे तेवढ्याच हालचालीला सुमारे ३ डेसिबल जास्त. पण पेटी मोठी होते, चार माणसं आणि टेम्पोतली जागा जाते. मिरवणुकीच्या गाडीवर दोन अठरा शेजारी शेजारी मला जास्त पटतात; एक गेला तरी दुसरा वाजतो.

प्रश्न : सेकंड हँड ड्रायव्हर घेताना काय तपासावं?
– वाचक, ठाणे

उत्तर : वजनकाटा आणि मल्टिमीटर न्या. वजन डेटाशीटशी जुळायला हवं. नकली मालात मॅग्नेट हलकं निघतं. ८ ओहमच्या ड्रायव्हरचा डीसी रेझिस्टन्स ५ ते ६ येतो. दोन्ही हातांनी कोन सरळ आत दाबा, घासल्याची खरखर आली तर परत ठेवा. पेटीबाहेर १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून अ‍ॅम्पने साधारण १० व्होल्ट द्या, टोन बदला आणि ड्रायव्हरवरचा एसी व्होल्टेज पाहा. तो जिथं सर्वांत जास्त, ती एफएस. नव्या ड्रायव्हरची ती दोन-चार हर्ट्झ वर येणं ठीक. पण डेटाशीटवर ३३ आणि मीटरवर ५० आली, तर कोन मूळचा नाही. शेवटी ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा. प्लस लाल टर्मिनलला दिल्यावर कोन बाहेर यायला हवा. जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये तो उलटा आत जातो. तो इतरांबरोबर जोडताना तारा उलट्या करा, नाहीतर दोन पेट्या एकमेकींचा बेस खातील.