माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला कॉपरबँड बटरफ्लाय मासा तीन आठवडे खात नाही, पोट आत गेलंय. लसूण लावलेले पेलेट (तयार खाद्याचे दाणे) द्यावेत की दोन-तीन दिवस उपाशी ठेवावं?

उपाशी मुळीच ठेवू नका. "भूक लागली की आपोआप खाईल" हे दुकानातलं वाक्य ऐकलं की मला संताप येतो, कारण कॉपरबँड याच वाक्यापायी मरतात. क्लाऊनफिश उपासानंतर पेलेटवर तुटून पडतो. कॉपरबँडची चोच मात्र खडकाच्या फटीतून किडे आणि शिंपल्यांचं मांस ओढून काढण्यासाठी असते; तरंगणारा तपकिरी दाणा त्याला अन्न वाटतच नाही. तुमचा तीन आठवडे उपाशी आहे, म्हणजे आता एकेक दिवस मोलाचा.

तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणा. डोक्यामागचं मांस उतरून पाठीला धार आलेला एक कॉपरबँड माझ्याकडे होता, तो तिसऱ्यांवरच सावरला. त्या दिवशीच्या, तोंड घट्ट मिटलेल्या घ्या. कवच ब्रशने घासून धुवा, पातळ सुरीने आतले दोन्ही स्नायू कापा, एक शिंपली काढून टाका. मांसाची अर्धी शिंपली खडकाच्या फटीत, मांस समोर दिसेल अशी अडकवा. वाळूवर टाकली तर हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) आधी पोहोचतात. पंधरा मिनिटं पंप बंद ठेवा. पहिली टोच बसायला अर्धा दिवसही लागतो, पण तीच शिंपली दिवसभर ठेवू नका. दर तासाला बदला. मासा वेगळा ठेवायच्या छोट्या क्वारंटाइन टाकीत विसरलेली एक तिसरी रात्रीत अमोनिया चढवते.

चार-पाच दिवस नीट खाल्लं की रिकाम्या शिंपलीत बारीक चिरलेली तिसरी आणि फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) निम्मं-निम्मं दाबून भरा. मग मायसिस वाढवत न्या. शिंपलीतून सुटलेला मायसिस तो पाण्यात पकडू लागला की शिंपली बंद. नुसत्या मोठ्या आर्टेमियावर (ब्राइन श्रिंपवर) अंगावर मांस चढत नाही. द्यायचाच तर आधी त्या आर्टेमियाला फॅटी अ‍ॅसिडचं द्रावण खाऊ घालून द्या. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं.

पोट भरलेलं दिसलं म्हणून वजन वाढलं असं नाही, ते एका जेवणानेही फुगतं. दर आठवड्याला समोरून फोटो काढून डोळ्यांच्या वरची, पाठीकडची खाच बघा. ती भरायला कित्येक आठवडे जातात.

लसणाच्या वासाने एखादा मासा जवळ येतो, पण लसूण म्हणजे औषध नव्हे.

खाऊनही खंगत असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर आतड्यात परजीवी असू शकतात. चपट्या कृमींसाठी क्वारंटाइनमध्ये लिटरला 2.5 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल: फिल्टरमधला कार्बन काढून, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करून, हवा वाढवून. फ्लॅजेलेटवर (शेपटीवाल्या एकपेशीय परजीवींवर) ते चालत नाही, तिथे खाद्यातून मेट्रोनिडाझोल. तांब्याच्या औषधाने भूक मरते, म्हणून खायला लागेपर्यंत ते टाळा. अंगावर व्हेल्वेट (धुळीसारखा थर आणणारा परजीवी रोग) दिसत असेल तर मात्र थांबता येणार नाही.

आणि महिनोन्महिने फक्त तिसऱ्या नकोत. काही शिंपल्यांमधलं थायमिनेज हे एन्झाइम जीवनसत्त्व बी-1 नष्ट करतं. बाहेरून परजीवी येण्याची भीती वाटत असेल तर मांस गोठवून द्या, फक्त काही मासे गोठवलेल्याला तोंड लावत नाहीत.

पुढचा कॉपरबँड घेताना पैसे देण्याआधी त्याला समोर खाताना बघा. दुकानदार "घरी नेल्यावर खाईल" म्हणाला तर मासा तिथेच राहू द्या.