बहिणीला कमी ऐकू येतं, जळगावला एमएला आहे, लेक्चर लिखित स्वरूपात मागता येतं का?

हो, मागता येतं, आणि तोंडी नाही तर प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या, सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स, आणि आवक नंबर टाकलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आधार म्हणजे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम १६, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असं त्यात आहे, पण 'लेक्चर टाइप करून द्या' असा शब्द कायद्यात कुठे नाही, म्हणून नक्की काय हवं ते अर्जात तुम्हीच लिहायचं: सरांच्या नोट्स आधी, रेकॉर्डिंगची परवानगी, वर्गातल्या एकाच्या नोट्सची कॉपी. अर्जाचा निकाल लागेपर्यंत गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब, म्हणजे बोललेलं फोनवर टाइप करून दाखवणारं अ‍ॅप, वापरा, फुकट आहे, मराठी चालतं, फक्त फोन सरांच्या टेबलावर ठेवा, शेवटच्या बाकावर पंख्याच्या घरघरीत काही उमटत नाही. आणि सर मधेच अहिराणीत 'काय करी राह्यना भो' म्हणाले की ते काहीच्या काही टाइप करतं, तेवढं शेजारणीला विचारायचं. माझ्या भाच्यासाठी हेच सगळं केलंय, पहिला अर्ज हरवला होता, म्हणून पोच पोच करतोय.