साठीनंतर नवरा-बायकोने अलास्काची क्रूझ करावी का?

आपण विचारले आहे की, मुलीकडे सिएटलला गेल्यावर साठी ओलांडलेल्या नवरा-बायकोने तिथून सात दिवसांची अलास्काची क्रूझ करावी का, समुद्राचा त्रास कितपत होतो आणि खर्चाच्या मानाने पदरात काय पडते. आम्ही दोघांनी २०२३ च्या जूनमध्ये नेमका हाच प्रवास केला. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला, हे वीज मंडळातून निवृत्त झाले, आणि त्यापूर्वी आमचा समुद्रप्रवास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंतचा. माझे उत्तर असे आहे की, हा प्रवास जरूर करावा; मात्र जहाज कोणत्या बंदरातून सुटते आणि आपली केबिन जहाजाच्या कोणत्या भागात आहे, या दोन गोष्टी भाड्याच्याही आधी पाहाव्यात. आम्ही त्या पाहिल्या नाहीत, आणि प्रवासातले सर्वांत वाईट दोन दिवस आमच्या वाट्याला आले ते त्यामुळेच.

आधी व्हिसाचे सांगते, कारण तिथे चूक झाली तर धक्क्यावरूनच परत फिरावे लागते. अमेरिकेत १८८६ पासून असा कायदा आहे की, परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतल्या बंदरातून निघून, मध्ये एकाही परदेशी बंदराला न लागता, प्रवासी पुन्हा अमेरिकेत उतरवता येत नाहीत. क्रूझची बहुतेक मोठी जहाजे परदेशी नोंदणीची असतात. त्यामुळे सिएटलहून सुटणारे जहाज परतीच्या वाटेवर काही तासांसाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागते, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांना अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो, मग आपण तिथे उतरणार असू किंवा नसू. अमेरिकेचा व्हिसाही पुन्हा प्रवेश करू देणारा हवा. कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज भारतातून निघण्यापूर्वी, हाताशी भरपूर वेळ ठेवून करावा.

आता बंदराविषयी. क्रूझच्या माहितीपत्रकात किनारा आणि बेटे यांच्या मधून जाणाऱ्या शांत जलमार्गाची चित्रे असतात, आणि कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून सुटणारी जहाजे साधारणपणे त्याच आडोशाच्या मार्गाने उत्तरेकडे जातात. सिएटलहून सुटणारी अनेक जहाजे मात्र व्हँकुव्हर बेटाला पश्चिमेकडून वळसा घालतात, म्हणजे एक संपूर्ण दिवस उघड्या प्रशांत महासागरातून जातात. भूगोल शिकवलेल्या बाईने नकाशावर ही गोष्ट पाहायला हवी होती, याचे मला आजही वाईट वाटते. त्यातच स्वस्त पडते म्हणून आम्ही केबिन निवडण्याचा हक्क कंपनीवर सोपवला होता, आणि आम्हाला मिळाली ती नाळेजवळची, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची. जहाज लाटांवर चढते-उतरते तेव्हा त्याचा मध्य फारसा हलत नाही आणि टोके सर्वांत जास्त हलतात. झोपाळ्यासारखी नव्हे, तर फळीच्या दोन्ही टोकांना मुले बसून खेळतात त्या खेळासारखी ती हालचाल असते.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास यांना बोट लागली. कपाटातले हँगर एका लयीत आपटत होते, टेबलावरचा पेला सरकून कठड्याला टेकत होता, आणि हे न्हाणीघराच्या दारात, चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते. अवोमिनच्या गोळ्या आम्ही पुण्याहून आणल्या होत्या. पण ती गोळी त्रास सुरू होण्याच्या आधी घ्यायची असते, आणि आम्ही ती उलट्या सुरू झाल्यावर दिली, त्यामुळे ती पोटात ठरलीच नाही. पहाटे मी बाहेर आले तेव्हा आमच्या मजल्याची साफसफाई पाहणारा मुलगा भेटला. तो निघाला वेंगुर्ल्याचा. गोव्यातले तारवटी पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरी करत आले आहेत हे मला ऐकून माहीत होते, पण आपल्या सिंधुदुर्गातला मुलगा तिथे मराठीत बोलेल असे वाटले नव्हते. तो म्हणाला, "काकू, काकांना इथं झोपवून ठेवू नका. त्यांना खालच्या मजल्यावर, अगदी मध्यावर नेऊन बसवा आणि खिडकीतून लांबवर बघत राहायला सांगा." थोड्या वेळाने त्याने हिरवी सफरचंदे आणि कोरडी खारी बिस्किटे आणून दिली. जहाजावर बोट लागलेल्यांना हेच देतात, असे त्याने सांगितले. माझ्या पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या होत्या, त्यांचाही उपयोग झाला. तरीही दुपारी जहाजावरच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घ्यावे लागले आणि त्याचे बिल दोनशे डॉलरच्या वर गेले. आपण प्रवासविमा घेतल्याशिवाय जाऊ नये, आणि जहाजावरचे उपचार त्यात धरले आहेत की नाहीत हे पॉलिसीत वाचूनच पैसे भरावेत. गोळ्यांविषयीही आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे, कारण त्यांनी झोप फार येते आणि रक्तदाबाची वगैरे औषधे चालू असतील तर ते पाहावे लागते.

तिसऱ्या दिवशी जहाज जुनोला लागले. ही अलास्काची राजधानी आहे, पण बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. यायचे ते बोटीने किंवा विमानाने. देवमासे पाहण्याच्या छोट्या बोटीची आमची दोन तिकिटे काढलेली होती आणि ती रद्द करण्याची मुदत उलटून गेली होती. पुन्हा बोटीत पाय ठेवायला यांची तयारी नव्हती. "तू जा, मी धक्क्यावर बसतो," असे हे म्हणाले, आणि मी गेले. हंपबॅक जातीचे हे देवमासे हिवाळ्यात पिलांना जन्म देण्यासाठी हवाईकडच्या उबदार पाण्यात जातात आणि उन्हाळ्यात केवळ खाण्यासाठी अलास्कात येतात. बोटीचे इंजिन बंद केल्यावर आधी श्वासाचा आवाज आला, प्रेशर कुकरची वाफ सोडल्यासारखा, पण कितीतरी मोठा आणि खोल. मग काळी पाठ वर आली, आणि बुडी मारताना शेपटी सावकाश उभी राहिली, तिच्यावरून पाण्याची झालर गळत होती. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक देवमाशाची वेगळी असते आणि अभ्यासक तिच्यावरूनच त्यांची ओळख ठेवतात. मी आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे. मात्र ती पाहताना शेजारची जागा रिकामी होती, आणि हे मी विसरू शकत नाही.

संध्याकाळी आमचे भांडण झाले. मी यांना म्हणाले की, आयुष्यभराची शिल्लक मोडून आपण आलो आणि तुम्ही धक्क्यावर बसून राहिलात. ते बोलणे अन्यायाचे होते. माणूस दोन दिवस अन्नावाचून होता. जहाजावर खोली लहान असते, रागावून शेजारी किंवा माहेरी जाता येत नाही, आणि चोवीस तास एकमेकांसमोर राहण्याची सवय आपल्या पिढीतल्या नवरा-बायकोला नोकऱ्यांमुळे फारशी नसते. आपण जोडीने जाणार आहात म्हणून हे मुद्दाम लिहिते. दिवसातले दोन-तीन तास आपापले वेगळे घालवायचे, असे आम्ही त्या रात्री ठरवले, आणि पुढचे दिवस त्यामुळे फार चांगले गेले.

स्कॅगवे या पुढच्या बंदरात आम्ही डोंगरातली रेल्वेगाडी घेतली. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी हजारो माणसे याच घाटाने चालत गेली. कॅनडाच्या पोलिसांनी प्रत्येकाला वर्षभराची शिधासामग्री बरोबर आणण्याची सक्ती केली होती आणि ते ओझे जवळपास एक टन भरत असे, त्यामुळे एकेका माणसाला त्याच चढावर पुनःपुन्हा खेपा घालाव्या लागल्या. रेल्वेचे काम १८९८ मध्ये सुरू होऊन १९०० मध्ये पूर्ण झाले. माथेरानच्या रुळांमधले अंतर दोन फूट आहे, इथले तीन फूट. आणि समुद्रसपाटीपासून निघालेली ही गाडी सुमारे वीस मैलांत २,८६५ फूट चढते. हे इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी सारा वेळ डब्याच्या सज्जात उभे राहून लाकडी पूल आणि बोगदे पाहिले. जमिनीवर असल्यामुळे त्यांचा चेहरा प्रथमच खुलला होता.

आता ज्या एका दिवसासाठी मी आपल्याला जा म्हणते, त्या ग्लेशियर बेविषयी. या उपसागरात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, आणि सगळ्याच क्रूझ तिथे जात नाहीत. म्हणून आरक्षण करताना कार्यक्रमपत्रिकेत हे नाव आहे ना, ते पाहावे. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून आले, चालत्या जहाजाला सोडलेल्या शिडीवरून वर चढले आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देत राहिले. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्द्याच्या मोहिमेतले लोक इथून गेले तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच. त्यांना दिसली ती बर्फाची प्रचंड भिंत. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्युर आला तोवर ती हिमनदी चाळीस मैलांहून अधिक मागे हटली होती. त्याही आधी, अठराव्या शतकात, हीच हिमनदी पुढे सरकत आली तेव्हा इथल्या हुना त्लिंगित या मूळ रहिवाशांना गावे सोडून जावे लागले होते. धरणासाठी गाव सोडणारी माणसे आपल्याला ठाऊक आहेत. बर्फासाठी गाव सोडणारी माणसे मी प्रथमच ऐकली.

आमचे जहाज मार्जरी हिमनदीसमोर तासभर थांबले आणि सर्वांना दिसावे म्हणून जागच्या जागी हळूहळू फिरले. ही हिमनदी सुमारे एकवीस मैल लांब आहे आणि समुद्राला मिळते तिथे तिचे तोंड साधारण मैलभर रुंद आहे. हिमोढ, यू आकाराची दरी, लोंबती दरी हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, त्याची गणती नाही. खडूने काढलेली ती आकृती इथे डोळ्यांसमोर उभी होती, आणि बाजूंच्या खडकांवर बर्फाने ओढलेले ओरखडेसुद्धा दिसत होते. बर्फ पांढरा नव्हता, भेगांमध्ये तो निळा होता, कारण दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो. पाण्यावर तरंगणारे लहान तुकडे वितळताना तडतडत होते, फोडणीत मोहरी तडतडावी तसे. आत कोंडलेली जुनी हवा त्यांतून सुटते, असे रेंजरबाईंनी सांगितले. मग डाव्या कडेला एक सुळका निसटला. तो आधी दिसला, अगदी शांतपणे पाण्यात गेला, आणि आवाज नंतर आला, वळवाच्या गडगडाटासारखा, छातीत जाणवणारा. यांनी माझा हात घट्ट धरला होता. आम्ही दोघांनी तो एकत्र पाहिला, आणि आदल्या दिवसांचे सगळे त्या वेळी मनातून गेले.

केचिकनमध्ये पाऊस होता. तिथे वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो, म्हणून कोकणी माणसाला प्रमाण परके वाटणार नाही, फक्त तो तीन-चार महिन्यांत न संपता वर्षभर पडत राहतो. त्लिंगित लोकांचे कोरीव लाकडी खांब तिथे आवर्जून पाहावेत. जहाजावरची नाचगाणी आणि जुगाराची दालने यांत आमचे मन रमले नाही. जेवणाचे मात्र उत्तम झाले: जेवणघराच्या प्रमुखाला पहिल्याच संध्याकाळी शाकाहारी असल्याचे सांगितले की, दुसऱ्या दिवसाचे पदार्थ ते आदल्या रात्री विचारून घेतात, आणि भारतीय आचारी असेल तर वरण-भातही मिळतो. खर्चात कर्मचाऱ्यांच्या बक्षिसीचे पैसे वेगळे धरावेत; २०२३ मध्ये ते दररोज माणशी सोळा ते वीस डॉलर होते. ते भाड्यात बहुधा नसतात. किनाऱ्यावरची सहल जहाजामार्फत घेतली आणि परतायला उशीर झाला, तर जहाज आपल्यासाठी थांबते. बाहेरून घेतली तर थांबेल असे समजू नये.

आता पुन्हा जायचे ठरवले तर आम्ही व्हँकुव्हरचे जहाज घेऊ, खालच्या मजल्यावरची मधली केबिन जास्त पैसे देऊन स्वतः निवडू, आणि देवमाशांच्या बोटीची तिकिटे प्रवासाच्या शेवटच्या बंदरासाठी काढू, म्हणजे तोवर समुद्राची सवय झालेली असेल. यांनी ती शेपटी अजून पाहिलेली नाही. मी मोबाइलवर काढलेले चित्रण त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी ते दोनदा पाहिले आणि आवाज मोठा करायला सांगितला.